‘फिरदौस-ए-बरीं’ : कादंबरीतली जन्नत, इतिहासातले अलमूत

उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला अब्दुल हलीम शरर (१८६०-१९२६) हे नाव नवे नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या बंधू-भगिनींपर्यंत मात्र ते फारसे पोहोचलेले नाही, म्हणून आधी थोडी ओळख करून देते. शरर साहेबांचा जन्म लखनौचा. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला राहत असत. त्या वातावरणात शरर यांचे बालपण गेले. १८८७ मध्ये त्यांनी ‘दिलगुदाज’ हे मासिक सुरू केले आणि त्याच्या पानांतून उर्दूत ऐतिहासिक कादंबरी रुजवली. लखनौच्या सरत्या तहजीबवर त्यांनी लिहिलेले ‘गुजिश्ता लखनौ’ आजही अभ्यासकांच्या हातात असते. त्यांच्या कादंबऱ्यांत सर्वांत जास्त गाजली ती १८९९ सालची ‘फिरदौस-ए-बरीं’, म्हणजे सर्वांत उंचावरची जन्नत. अनेक विद्यापीठांत उर्दूच्या अभ्यासक्रमात ती आजही लावली जाते.

ही कादंबरी मी दोनदा वाचली. पहिल्यांदा विद्यार्थिनी असताना, कथेच्या ओढीने, एका बैठकीत. दुसऱ्यांदा शिक्षिका झाल्यावर, इतिहासाची पुस्तके शेजारी ठेवून. पहिल्या वाचनाने जेवढे भारावून टाकले, तेवढेच दुसऱ्या वाचनाने निराश केले. ही निराशा एका वाचकाची खाजगी तक्रार असती तर या अंकाची पाने मी अडवली नसती. पण तिच्यामागे आपल्या सगळ्यांना लागू पडणारा एक प्रश्न आहे. दुसऱ्याने आपला इतिहास रंगवला की आपण पुरावे मागतो. आपल्यापैकीच एखाद्या थोर लेखकाने आपल्याच एका छोट्या जमातीचा इतिहास रंगवला, तर आपण पुरावे मागतो का?

स्कॉटशी भांडण

गोष्टीची सुरुवात शरर यांच्या स्वतःच्या निराशेपासून होते. सर वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश लेखकाची ‘द टॅलिस्मन’ ही कादंबरी १८२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिसऱ्या सलीबी युद्धाच्या पार्श्वभूमीवरची ही प्रेमकथा. एकीकडे इंग्लंडचा राजा रिचर्ड, दुसरीकडे सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी. उर्दू साहित्याच्या इतिहासात सांगितले जाते की, रेल्वेच्या प्रवासात शरर यांनी ही कादंबरी वाचली, तिच्यातले मुसलमानांचे चित्रण त्यांना खटकले आणि असल्याच कादंबरीने तिला उत्तर द्यायचे त्यांनी ठरवले.

न्यायाने बोलायचे तर स्कॉटचा सलाहुद्दीन दुष्ट नाही. तो उदार आहे, शूर आहे, हकिमाचा वेष घेऊन आजारी रिचर्डला बरा करतो. पण इतिहासाशी स्कॉटने मनमानी केली आहे. सलाहुद्दीन आणि रिचर्ड प्रत्यक्षात कधीच समोरासमोर भेटले नाहीत. कादंबरीच्या सुरुवातीलाच वेषांतर केलेला सुलतान आपल्या कुर्द घराण्याचे मूळ सैतानी वंशाशी जोडतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. कोणता मुसलमान असे बोलेल? पुढे सुलतान एका इंग्रज राजकन्येला मागणी घालतो, तीही कल्पनाच. इतिहासात घडले ते असे की, ११९१ मध्ये रिचर्डने स्वतःच्या बहिणीचे, जोनचे, लग्न सलाहुद्दीनचा भाऊ अल-आदिल याच्याशी लावून देण्याचा प्रस्ताव पुढे केला होता. या मुलखाची आपल्याला जवळजवळ काहीच माहिती नव्हती, लहानपणी वाचलेल्या ‘अलिफ लैला’च्या आठवणींचाच काय तो आधार, असे स्कॉटने पुढे आपल्या प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले आहे.

याला शरर यांचे उत्तर होते ‘मलिकुल अजीज वर्जिना’. १८८८ मध्ये ती ‘दिलगुदाज’मधून क्रमशः आली. आता नायक सलाहुद्दीनचा मुलगा मलिक अजीज आणि नायिका रिचर्डच्या नात्यातली वर्जिना. पारडे फिरले, पण तराजू तोच राहिला. इतिहासातला मलिक अजीज ११९३ ते ११९८ अशी पाच वर्षे मिसरचा सुलतान होता. गिझाचा तिसरा पिरॅमिड पाडायचा खटाटोप त्याने केला आणि तो अर्धवट सोडावा लागला. शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडण्याचे निमित्त होऊन ऐन तारुण्यात तो वारला. कोण्या फिरंगी राजकन्येशी त्याचे प्रेम जमल्याचा दाखला नाही. तरी १८५७ नंतरच्या खचलेल्या मुस्लिम समाजाला या कादंबरीने धीर दिला, हेही तेवढेच खरे. ज्याची सत्ता गेली, जमीन गेली, भाषा कचेरीतून हद्दपार होऊ लागली, त्याला एक जिंकणारा नायक हवा होता. तो शरर यांनी दिला. त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही.

कादंबरीची गोष्ट

‘मलिकुल अजीज वर्जिना’नंतर अकरा वर्षांनी ‘फिरदौस-ए-बरीं’ आली. तोपर्यंत शरर यांची लेखणी चांगलीच कसली होती. कथा हिजरी सन ६५१ ची, म्हणजे इसवी सन १२५३ ची. आमुल गावचे हुसेन आणि जमुर्रद हे तरुण-तरुणी हजला निघाले आहेत. वाटेत डोंगराळ तालकान भागात जमुर्रदला आपल्या भावाच्या, मूसाच्या, कबरीवर फातिहा पढायचा आहे. तिथे अचानक पऱ्यांचा थवा दिसतो आणि हुसेन बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तो मूसाच्या कबरीवर जमुर्रदचेही नाव कोरलेले. तो कबरीला चिकटून राहतो. काही महिन्यांनी त्याला एक पत्र मिळते, जन्नतमधून, जमुर्रदच्या हस्ताक्षरातले.

पत्रातल्या सांगण्यानुसार तो गुहांमध्ये चिल्ले काढतो आणि शेवटी हलब शहरात शेख अली वजूदी नावाच्या पीराच्या पायाशी पोहोचतो. शेख त्याला सांगतो : मुरीदाने प्रश्न विचारायचा नसतो. मग हुकूम होतो की, स्वतःचा चुलता आणि गुरू असलेल्या इमाम नज्मुद्दीन नैशापुरी यांना ठार कर. हुसेन थरथरतो, पण खंजीर चालवतो. बक्षीस म्हणून त्याला नशेत ‘जन्नत’ दाखवली जाते : महाल, कालवे, हूर आणि त्यांच्यामध्ये जमुर्रद. ही जन्नत म्हणजे अलमूतच्या बातिनी पंथाने डोंगरात लपवलेली बाग आणि जमुर्रद तिथली कैदी. अखेरीस तीच गुप्त पत्र पाठवून तातारी शहजादी बल्गान खातून हिला बोलावते, मागोमाग हुलागू खान येतो आणि ती बाग उद्ध्वस्त होते.

या कथेचे गुण झाकून ठेवणे हा अन्याय होईल. शेख अली वजूदी हे पात्र उर्दू कादंबरीतले पहिल्या प्रतीचे आहे. त्याच्या जिभेवर तसव्वुफची भाषा आहे आणि पोटात खुनाचा हिशेब. भोळ्या माणसाला एकेक पायरी उतरवत खुनापर्यंत कसे नेले जाते, हे शरर यांनी ज्या बारकाईने दाखवले आहे, ते आजच्या काळातही प्रत्येक तरुणाने वाचावे असे आहे. आणि जमुर्रद! हुसेन सबंध कादंबरीभर कोणाच्या ना कोणाच्या सांगण्यावर चालतो. डोके चालवते ती एकटी जमुर्रद. कैदेत असूनही ती शुद्ध हरपत नाही, संधीची वाट पाहते आणि योग्य वेळी योग्य माणसाला पत्र लिहिते. १८९९ मध्ये, मुलींना लिहायला शिकवावे की नाही यावर आपल्याकडे वाद चालू असताना, एका मुस्लिम लेखकाने नायिकेच्या हातात कलम दिले आणि त्या कलमाने किल्ला पाडला. माझ्या विद्यार्थिनींना हा भाग मी आवडीने सांगते.

मग निराशा कशाची?

बाग कुठून आली?

नववीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की एक प्रश्न हमखास येतो : “टीचर, वो बाग सचमुच थी क्या?” प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर इतिहासानेच द्यायला हवे.

या बागेचा सर्वांत प्रसिद्ध वर्णनकार म्हणजे व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो. दोन डोंगरांमधली दरी, सोन्याने मढवलेले महाल, दूध-मध-शराबचे पाट, नशा पाजून आत नेलेले तरुण, हे सगळे त्याच्या प्रवासवर्णनात आहे. पण मार्को पोलोचा जन्म १२५४ चा. अलमूत पडले १२५६ मध्ये. म्हणजे किल्ला पडला तेव्हा हा साक्षीदार दोन वर्षांचा होता आणि हजारो मैल दूर होता. इराणमधून तो गेला १२७० नंतरच्या काळात. त्याने लिहिली ती ऐकीव गोष्ट. तिच्याआधी शामच्या किनाऱ्यावरच्या सलीबी लोकांत ‘पहाडावरच्या म्हाताऱ्या’च्या कहाण्या पसरलेल्या होत्या. पुढे १८१८ मध्ये ऑस्ट्रियाच्या फॉन हॅमर याने या पंथाचा इतिहास म्हणून जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने ही बाग खरी धरली. त्याचे इंग्रजी भाषांतर १८३५ मध्ये आले. अशा रीतीने युरोपातली दंतकथा इतिहासाचा अंगरखा घालून जगभर हिंडू लागली.

आता आपले मुस्लिम इतिहासकार पाहा. अता मलिक जुवैनी हा हुलागूच्या सोबत स्वतः अलमूतमध्ये गेला होता. तो सुन्नी होता आणि या पंथाचा कट्टर विरोधक. त्यांच्याविषयी एकही वाईट शब्द लिहायचा त्याने बाकी ठेवलेला नाही. पडलेला किल्ला त्याने डोळ्यांनी पाहिला, त्याचे वर्णन केले. त्यात जन्नत नाही. खडकात खोदलेली कोठारे आणि टाक्या आहेत, त्यांत सिरका, मध आणि इतर सामान साठवलेले आहे. मधाच्या टाकीत उतरलेल्या एका माणसाला तिच्या खोलीचा अंदाज आला नाही, असाही किस्सा तो सांगतो. कादंबरीत जिथे मधाचे पाट वाहतात, तिथे प्रत्यक्षात वेढा पडला तर उपयोगी पडावे म्हणून साठवलेले मधाचे टाके होते. शत्रूच्या हाती बागेसारखा पुरावा लागला असता, तर त्याने तो सोडला असता का?

नशेचीही तीच गत. त्यांना ‘हशीशी’ म्हटले गेले हे खरे. बाराव्या शतकातल्या विरोधकांच्या लिखाणात हा शब्द येतो आणि त्यावरूनच ‘असॅसिन’ हा युरोपीय शब्द झाला. पण ती विरोधकांनी दिलेली शिवी होती. त्या काळच्या एकाही मुस्लिम इतिहासकाराने फिदाईंना भांग किंवा हशीश पाजली जात असे, असे नोंदवलेले नाही. फरहाद दफ्तरी यांनी १९९४ मध्ये या दंतकथांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून एकेक धागा उलगडून दाखवला आहे.

शरर यांच्याबाबत मला सर्वांत जास्त खुपते ते हेच. युरोपच्या एका कादंबरीकाराने सलाहुद्दीनविषयी ऐकीव माहितीवर लिहिले म्हणून ते संतापले. आणि अलमूतविषयी लिहिताना त्यांनी जी बाग रंगवली, तिचा नकाशा युरोपच्याच एका प्रवाशाच्या ऐकीव गोष्टीतला आहे.

खरे अलमूत

हसन बिन सब्बाह याने अलमूतचा किल्ला १०९० मध्ये घेतला. कजवीनच्या उत्तरेला अलबुर्ज पर्वतात, उंच खडकावर, थंडीत बर्फाने वेढली जाणारी ही जागा. तो तिथे १०९० पासून ११२४ मध्ये मरेपर्यंत राहिला. विरोधकांनीच लिहून ठेवले आहे की, या सगळ्या काळात तो घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही, पुस्तकांत आणि कारभारात बुडालेला असे. दारू प्यायल्याच्या आरोपावरून त्याने स्वतःच्या एका मुलाला मृत्युदंड दिला. बायको आणि मुलींना गिर्दकूहच्या किल्ल्यावर पाठवले, तिथे त्या सूत कातून गुजराण करीत. हा माणूस कठोर होता, कदाचित निर्दयही होता. पण शराबचे पाट आणि हुरांचे महाल त्याच्या घरी शोधणे म्हणजे भलत्याच दारावर थाप मारणे आहे.

त्याच्या लोकांनी खून केले, हे नाकारायचे कारण नाही. १०९२ मध्ये सल्जूक वजीर निजामुल्मुल्क मारला गेला. सलाहुद्दीनवर ११७५ आणि ११७६ मध्ये दोनदा हल्ले झाले, दोन्ही वेळा तो वाचला. ११९२ मध्ये सूर शहरात मॉनफेराचा काँराड हा सलीबी सरदार त्यांच्याच फिदाईंच्या हातून मेला. गंमत अशी की, हाच काँराड स्कॉटच्या ‘टॅलिस्मन’मध्ये खलनायक आहे आणि तिथे त्याचा खून दुसराच कोणी करतो! सल्जूकांच्या प्रचंड फौजेपुढे मूठभर डोंगरी लोकांनी निवडलेला हा मार्ग होता. त्याचा निषेध करावा, पण तो समजूनही घ्यावा. खंजीर हातात घेऊन मरायला जाणारा माणूस प्रत्येक वेळी फसवलेला किंवा नशेतलाच असतो, असे मानणे सोपे आहे. अकीदा, अन्याय, सूड आणि भीती माणसाला कुठवर नेतात हे तपासणे अवघड आहे. कादंबरीने सोपा रस्ता धरला.

अलमूतची दुसरी बाजू तर कादंबरीत डोकावतही नाही. १२१० मध्ये गादीवर आलेल्या जलालुद्दीन हसन याने जाहीरपणे सुन्नी शरीअत स्वीकारली, बगदादच्या खलिफाशी समेट केला, त्याची आई हजला जाऊन आली. लोक त्याला ‘नौमुसलमान’ म्हणू लागले. जगप्रसिद्ध विद्वान नसीरुद्दीन तूसी अनेक वर्षे याच लोकांच्या आश्रयाला होता. ‘अखलाक-ए-नासिरी’ हा त्याचा ग्रंथ कुहिस्तानच्या इस्माईली सुभेदारासाठी लिहिला गेला आणि पुढे तोच ग्रंथ अकबराच्या दरबारात वाचला जात असे. नीतिशास्त्राचे जे पुस्तक आपल्या मदरशांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचले, त्याचा जन्म या ‘मुलहिदां’च्या मुलखात झाला.

आणखी एक साक्ष आपल्या हिंदुस्थानातली. ‘तबकात-ए-नासिरी’चा कर्ता मिन्हाज सिराज जुज्जानी पुढे दिल्लीचा काजी झाला. तोही पक्का सुन्नी. तरुणपणी तो वकील म्हणून कुहिस्तानात गेला होता. चंगेज खानाच्या टोळधाडीतून पळून आलेल्या खुरासानच्या मुसलमानांना तिथल्या इस्माईली सुभेदाराने आसरा दिला, त्यांची बडदास्त ठेवली, हे त्याने स्वतः पाहिले आणि त्या सुभेदाराच्या विद्वत्तेची व उदारपणाची तारीफ लिहून ठेवली. पंथाशी वैर असूनही डोळ्यांनी पाहिलेले खरे लिहायला तो कचरला नाही. कादंबरीकाराकडून यापेक्षा जास्त काय मागायचे? एखादा तरी असा सुभेदार, एखादा तरी असा घरधनी, ज्याच्या दारात निर्वासित उतरले आहेत! ‘फिरदौस-ए-बरीं’मध्ये तो मला भेटला नाही.

सुटका करणारा कोण?

कादंबरीत हुलागूची फौज येते ती सुटका करायला. इतिहासात काय झाले? १२५६ च्या अखेरीस शेवटचा सरदार रुक्नुद्दीन खुरशाह शरण आला. त्याला मंगोलियात बड्या खानाकडे नेण्यात आले आणि परतीच्या वाटेवर १२५७ मध्ये मारण्यात आले. शरण आलेल्या त्याच्या लोकांची, बायकामुलांसकट, कत्तल झाली. अलमूतचे नामांकित ग्रंथालय जुवैनीने तपासले. कुराणाच्या प्रती, काही निवडक ग्रंथ आणि आकाशनिरीक्षणाची उपकरणे बाजूला काढली, बाकीचे ग्रंथ जाळून टाकले. हे तो स्वतःच अभिमानाने सांगतो. म्हणून आज आपल्याला हसन बिन सब्बाहविषयी जे कळते, त्यातले बरेचसे ग्रंथालय जाळणाऱ्याच्याच तोंडून कळते.

आणि सव्वा वर्षाच्या आत, फेब्रुवारी १२५८ मध्ये, तीच फौज बगदादमध्ये होती. खलिफा मुस्तअसिम मारला गेला, शहर लुटले गेले. अलमूतच्या पाडावाने ज्यांना समाधान वाटले असेल, त्यांची घरे नंतर जळाली. शेजाऱ्याचे घर पेटवायला आलेली मशाल आपल्या दारापाशी विझत नाही. शरर साहेबांना हा इतिहास पाठ होता. मग त्या फौजेच्या टापांचा आवाज हुसेन-जमुर्रदच्या आनंदात एवढा कसा लपला, हा प्रश्न मला सतावतो.

मुंबईतले वारस

कोणी म्हणेल, सातशे वर्षांपूर्वी संपलेल्या पंथावर एका कादंबरीकाराने लिहिले, त्यात एवढे काय? पण तो पंथ संपलेला नव्हता. शरर लिहीत होते तेव्हा तो आपल्या मुंबईत राहत होता. अलमूतच्या इमामांच्या वंशातले हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, इराण सोडून १८४० च्या दशकात मुंबईत आले. १८६६ मध्ये मुंबई हायकोर्टात खोजा जमातीचा मोठा खटला चालला. न्यायमूर्ती आर्नूल्ड यांनी आगाखानांची वंशावळ अलमूतच्या इमामांपर्यंत नेऊन त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८८१ मध्ये ते वारले. माझगावच्या हसनाबादमध्ये त्यांची कबर आहे. त्यांचे अनुयायी मुंबईत व्यापार करीत होते, दवाखाने आणि शाळा चालवत होते.

आणि कादंबरी आल्यावर दहा-बारा वर्षांतच अलिगढच्या कॉलेजचे विद्यापीठ व्हावे म्हणून देशभर फिरून निधी गोळा करण्यात पुढाकार कोणी घेतला? अलमूतच्या त्याच गादीचे वारस, तिसरे आगाखान यांनी. १९२० मध्ये विद्यापीठ झाले. आपल्या कौमच्या कित्येक पिढ्या तिथे शिकल्या आणि त्यांतल्या कित्येकांनी उर्दूच्या तासाला ‘फिरदौस-ए-बरीं’ वाचली असेल. बातिनी म्हणजे खंजीर आणि भांग, हे चित्र मनात घेऊन ते ज्या विद्यापीठाच्या आवारात फिरले, त्याच्या निधीसाठी झटणाऱ्यांत त्या ‘बातिनीं’चा इमाम होता.

दंतकथा अजूनही जिवंत आहे. व्लादिमीर बार्तोल या स्लोव्हेनियन लेखकाने १९३८ मध्ये ‘अलमूत’ लिहिली, त्यातही बाग आहे. २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ हा व्हिडिओ गेम आला आणि आज माझ्या वर्गातली मुले मस्याफ किल्ल्याचे नाव त्या गेममुळे जाणतात. दुसऱ्या बाजूला १३ मे २०१५ रोजी कराचीच्या सफूरा भागात इस्माईली प्रवाशांची बस अडवून चाळीसहून अधिक निरपराध माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. या पापाची जबाबदारी शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीवर टाकण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण एखाद्या जमातीला ‘मुलहिद’ म्हणून ओळखायची सवय कानाला लहानपणापासून लागली की, तिच्या मरणाची बातमी वाचताना आपला हात पान उलटायला किती सहज जातो, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

एकच माप

मराठी वाचणाऱ्या मुसलमानाला ऐतिहासिक कादंबरीची निराशा नवी नाही. मराठीतही या कादंबरीचा साचा इंग्रजीवरूनच आला. हरिभाऊ आपटे यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही मेडोज टेलर या इंग्रजाच्या टिपू सुलतानवरच्या कादंबरीवर बेतलेली होती. तेव्हापासून आजपर्यंत कितीतरी कादंबऱ्यांत आपण स्वतःला शोधले आणि सापडलो ते दाढी कुरवाळणारा, डोळे गरगर फिरवणारा, जनानखान्यात लोळणारा कोणी सरदार म्हणून. आपण म्हणालो, हा इतिहास नाही, कागदपत्रे दाखवा. आपली ती मागणी रास्त होती आणि आहे.

मग हीच मागणी आपल्या घरातल्या पुस्तकाकडेही केली पाहिजे. नाहीतर मराठीतली ती म्हण आपल्यालाच लागू होईल : आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. स्कॉटने सलाहुद्दीनच्या तोंडी सैतानी वंशावळ घातली तर तो अन्याय. आणि शरर यांनी एका जिवंत जमातीच्या इमामांच्या हातात भांगेचा प्याला दिला तर ते ‘अदब’! असे दोन तराजू आपल्या दुकानात असू नयेत.

कादंबरीकाराने कल्पना करूच नये, असे माझे म्हणणे नाही. जमुर्रद कल्पनेतलीच आहे आणि ती मला अनेक खऱ्या राण्यांपेक्षा जवळची वाटते. शेख अली वजूदीही कल्पनेतला, पण तसे शेख प्रत्येक काळात, प्रत्येक धर्मात भेटतात. शरर यांनी हीच कथा एखाद्या बेनाव डोंगरावर, बेनाव पंथाची म्हणून लिहिली असती तर अंधभक्तीवरचे ते उर्दूतले अजोड पुस्तक ठरले असते. अलमूतचे नाव, खुरशाहचे नाव, हिजरी सन घातले आणि कल्पनेची साक्ष इतिहासाच्या कोर्टात नोंदली गेली. ज्यांच्याविरुद्ध साक्ष होती, त्यांचे ग्रंथालय तर आधीच जळून गेले होते.

‘फिरदौस-ए-बरीं’ वाचू नका, असे मी म्हणणार नाही. उर्दू येत असेल तर जरूर वाचा, मुलींना जमुर्रदसाठी वाचायला द्या, मुलांना शेख अली वजूदीसाठी द्या. माझ्या वर्गात ती मी पुढेही सांगणार आहे. फक्त गोष्ट संपली की फळ्यावर तीन नावे लिहीन : जुवैनी, जुज्जानी, मार्को पोलो. कोण किल्ल्यात गेला होता, कोण त्या मुलखात राहून आला होता आणि कोणी नुसते ऐकले होते, हे मुलांनीच शोधून सांगायचे. त्यानंतर बाग खरी होती का, हा प्रश्न मी त्यांनाच विचारीन.